शून्य मिलिमीटर



गुरुजींचं नाव मागच्या फलकावर मोठ्या अक्षरात आहे, म्हणून मी ते वेगळं घेत नाही. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले, उरलेल्या निम्म्यांचे कान धरले. मी दोन्हीकडचा.

शाळेच्या मागं कुंपणाजवळ पर्जन्यमापक होतं. एक नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला गुरुजी तिथं जायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि वहीत आकडा लिहायचे. सातवीत असताना मोजपात्र धरायचं काम माझ्याकडं होतं. त्या वर्षी श्रावणात पावसानं खंड दिला. आठ दिवस थेंब नाही. नवव्या दिवशी मी म्हणालो, "गुरुजी, पाऊसच नाही तर तिकडं कशाला जायचं? इथंच बसून शून्य लिहू." गुरुजी काही बोलले नाहीत. उठले, उन्हातून चालत गेले, बाटली काढली, मोजपात्रावर उपडी केली, दोनदा झटकली आणि मग वहीत लिहिलं, ०.०. परत येताना एवढंच म्हणाले, "शून्यसुद्धा मोजून लिहायचं असतं रे."

मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. तीस वर्षांनी त्याचा उपयोग झाला, आणि तो औषधपाण्याच्या कामी झाला. आज त्याचीच गोष्ट सांगायला उभा आहे.

संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेत विषय छापला होता, 'हेपॅटायटिस सीशी यशस्वी झुंज'. मी फोन करून तो बदलायला लावला. झुंज वगैरे मी काही दिली नाही. मी बहुतेक वेळ गोधडी पांघरून पडलेलो होतो. झुंज म्हटलं की जो हरतो तो कमी पडला असं आपोआप ठरतं. आपल्याकडं शेतकऱ्याची पेरणी पावसाअभावी वाया गेली तर 'तू जिद्दीनं पेरलं नाहीस' असं कुणी म्हणत नाही. बियाणं आणतो, पुन्हा पेरतो. त्याला दुबार पेरणी म्हणतात, पराभव म्हणत नाहीत. आजाऱ्याला मात्र आपण ही सवलत देत नाही.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. आपल्या भागात लिव्हरचं काहीही दुखणं असलं की ती 'कावीळ', आणि कावीळ म्हटली की माळ घालणारा, हात धुऊन देणारा, मनगटावर डाग देणारा आठवतो. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात हात बुडवले की कुणाच्याही हाताचं पाणी पिवळं होतं, ठणठणीत पैलवानाचंसुद्धा. माळेतल्या काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. दूषित पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे ए आणि ई, बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून माळेला यश मिळत राहतं. बी आणि सी या दोघी वेगळ्या. त्या रक्तातून येतात. बी म्हणजे ज्याला लोक पांढरी कावीळ म्हणतात ती. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून झाली ती बी. सी ही तिच्यापेक्षाही गुपचूप. वीस-वीस वर्षं डोळे पिवळे होत नाहीत, भूक मरत नाही, माणूस शेतात राबतो, आणि आत लिव्हरवर वण साचत जातात. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं ती लागत नाही. लागते ती न तपासलेल्या रक्तानं, न उकळलेल्या सुईनं, दुसऱ्याच्या वस्तऱ्यानं, यात्रेत एकाच सुईनं शंभर जणांना गोंदून देणाऱ्याकडून.

मी सरकारी औषधनिर्माता होतो. औषध वाटणं हा माझा धंदा. नोकरीच्या सुरुवातीला काचेच्या सिरींज स्टीलच्या डब्यात उकळताना मी पाहिल्या आहेत, आणि गर्दी वाढली की उकळण्याची वेळ कशी आखडते तेही पाहिलं आहे. लोकांचाही हट्ट असायचा, "साहेब, गोळ्यांनी काय होतंय, सुई मारा." आम्ही मारायचो. माझ्या हातालाही कितीदा टोचली असेल, मोजलेलं नाही.

सी माझ्यात तिथून आली की १९९३ साली, हे मला पक्कं सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तिकडं मदतीला गेलेल्या पथकात मी होतो. परत येताना जीप उलटली, मांडीचं हाड मोडलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. ज्यानं ते रक्त दिलं त्यानं माझा जीव वाचवला, यात मला आजही शंका नाही. त्या वेळी आपल्याकडं दान केलेल्या रक्ताची सीसाठी तपासणी सक्तीची नव्हती. ती पुढं, या शतकाच्या सुरुवातीला झाली. विषाणू सापडूनच १९९३ मध्ये चार वर्षं झाली होती.

तो कसा सापडला हे ऐकण्यासारखं आहे, कारण त्यातही शून्यांची वहीच आहे. अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की रक्त दिल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ ए पण नाही आणि बी पण नाही. मग कोण? बरीच वर्षं त्या आजाराला 'ना ए, ना बी' असंच नाव होतं. आपल्याकडं बारशाला नाव सुचलं नाही की 'बाळ' म्हणतात, तसं. मायकल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी १९८२ च्या सुमाराला शोध सुरू केला. विषाणू दिसत नाही, काचेत वाढत नाही. म्हणून त्यांनी आजारी प्राण्याच्या रक्तातल्या जनुकीय मजकुराचे तुकडे करून एकेक तपासायला घेतले. लाखो तुकडे. दिवसामागून दिवस एकच निकाल, काही नाही. कितीतरी वर्षांनी एक तुकडा बोलला. त्याला त्यांनी दिलेलं नाव होतं ५-१-१. १९८९ मध्ये शोध जाहीर झाला. २०२० चं नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं. चू आणि कुओ यांना मिळालं नाही. हॉटन यांनी त्याआधी, २०१३ मध्ये, कॅनडाचं मोठं गेर्डनर पारितोषिक याच कारणासाठी नाकारलं होतं की बरोबरच्या दोघांना वगळलं. मला नोबेलपेक्षा त्या नकाराचं जास्त कौतुक आहे.

असो. २००८ मध्ये आमच्या तालुक्यात रक्तदान शिबिर झालं. मी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र घेतलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, 'रक्तपेढीत समक्ष येऊन भेटावे.' औषधनिर्मात्याला असल्या पत्राचा अर्थ सांगावा लागत नाही. नांदेडला तपासण्या झाल्या. सी, प्रकार तिसरा, जो आपल्या देशात सगळ्यांत जास्त आढळतो. उपचार चोवीस आठवड्यांचा. आठवड्याला पेगिलेटेड इंटरफेरॉनची एक सुई, पोटाच्या कातडीखाली, आणि रोज रिबाविरीनच्या गोळ्या. महिन्याच्या चार सुयांना माझा पगार पुरत नव्हता. पतपेढीचं कर्ज काढलं, दोन एकर रान मक्त्यानं दिलं. जानेवारी २००९ मध्ये सुरुवात केली.

सुई शनिवारी संध्याकाळी घ्यायचो. रात्री हुडहुडी भरून ताप यायचा, रविवार अंथरुणात जायचा, सोमवारी औषधांच्या खिडकीत उभा राहायचो. डॉक्टरांनीच शिकवलेली ही सोय. पहिले चार आठवडे मी स्वतःवर खूश होतो.

मग एकेक सुरू झालं. रिबाविरीन रक्तातल्या लाल पेशी फोडतं. फेब्रुवारीअखेर माझं हिमोग्लोबिन तेरावरून नऊवर आलं. आरोग्य केंद्राच्या चार पायऱ्या चढताना मी मधे थांबायचो, आणि कुणी पाहिलं तर चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचो. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. नियमच आहे तो, दहाच्या खाली गेलं की मात्रा कमी करायची, साडेआठच्या खाली गेलं की थांबवायची. तो नियम मला पाठ होता. पण तो स्वतःला लागला तेव्हा मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. गोळ्या कमी केल्याचं मी घरात सांगितलं नाही. रोज पूर्वीइतक्याच गोळ्या डबीतून काढायचो, जास्तीच्या खिशात टाकायचो आणि केंद्रात गेल्यावर कचऱ्यात. औषध वाटणारा माणूस औषध लपवत होता, का, तर बायकोला वाटू नये की उपचार फसतोय.

एप्रिलमध्ये दुसरं घडलं. इंटरफेरॉन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते वर्ष भारनियमनाचं, दिवसाला दहा-बारा तास वीज नाही. आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज होता, पण त्यात लसीखेरीज काही ठेवायचं नाही ही सूचना मीच माझ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवली होती. मी सुया गावातल्या एका थंड पेयांच्या दुकानात ठेवल्या. दुकानदार भला माणूस, वीज गेली की बर्फ भरून ठेवायचा. एका शनिवारी गेलो तर खोका बर्फाला टेकलेला. आतली सुई गोठली होती. इंटरफेरॉन गोठलं की फेकायचं, वितळवून घ्यायचं नाही. हे मी शेकडो आशाताईंना लसीच्या बाबतीत शिकवलं होतं. आईसपॅक डीप फ्रिजमधून काढला की लगेच लसीजवळ ठेवायचा नाही, बाहेर राहू द्यायचा, कानाशी धरून हलवायचा, आत पाणी वाजलं की मगच डब्यात. दुकानदाराला हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. मी त्या दिवशी दुकानामागं उभा राहून सुई उजेडात धरली. आत पांढरा खडा. कितीतरी हजारांचा खडा. दुसरी सुई नांदेडहून यायला पाच दिवस लागले.

त्या रात्री मला गुरुजी आठवले. मी कपाटातून जुनी दोनशे पानी वही काढली, रकाने आखले. तारीख, सुई, गोळ्या, ताप, इतर. मागचे बारा आठवडे आठवून लिहिले, अगदी खरे. कमी केलेल्या गोळ्याही लिहिल्या. आणि त्या शनिवारच्या रकान्यात लिहिलं, सुई ०. वही उघडी टेबलावर ठेवली. मंडळींनी सकाळी चहा आणताना वाचली. काही बोलल्या नाहीत. पण दुपारी त्यांनी माझ्या शर्टाचे खिसे उलटे करून पाहिल्याचं मला कळलं.

ती वही पुढं त्यांनीच चालवली. 'इतर' या रकान्यात मी 'ठीक' लिहायचो, त्या माझ्या खाली पेन्सिलीनं लिहायच्या. 'आज ताट ढकललं.' 'लेकराला विनाकारण ओरडले.' 'दिवसभर भिंतीकडं तोंड.' 'देवळात चला म्हटलं तर रडले.' पुढच्या खेपेला नांदेडच्या डॉक्टरांनी वही चाळली. माझा रकाना त्यांनी वाचलाच नाही, पेन्सिलीचा वाचला. म्हणाले, "हे तुमचं नाही, सुईचं काम आहे." इंटरफेरॉननं माणूस चिडका होतो, उदास होतो, कधीकधी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येतात. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, पण ज्याला होतं त्याला ते आपल्याच स्वभावाचं कुजणं वाटतं. मला मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, एक गोळी सुरू झाली, तीन आठवड्यांत पेन्सिलीचा मजकूर आखूड झाला. ती पेन्सिल नसती तर मी बहुधा सोळाव्या आठवड्यात उपचार सोडला असता, आणि लोकांना सांगितलं असतं की औषध मानवलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय ती गोष्ट. नांदेडच्या त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारखाच एक माणूस भेटायचा, हदगावकडचा, कापूसवाला. त्याला माझ्यानंतर महिनाभरानं सुरुवात झालेली. बाराव्या आठवड्याला त्याच्या विषाणूचं मोजमाप झालं. तेव्हाचा नियम असा होता की बारा आठवड्यांत विषाणू शंभरपटीनं खाली आला नाही तर औषध लागू पडत नाही असं समजायचं आणि बंद करायचं. त्याचा आला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "एखादी सुई चुकली का?" तो म्हणाला, "नाही साहेब, एकही नाही." उपचार थांबला. त्या संध्याकाळी नांदेड स्टेशनवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो होतो. चहा घेता घेता त्यानं मला सांगितलं की तीन सुया चुकल्या होत्या. कापसाचे पैसे अडकले होते, घरात भावाच्या मुलीचं लग्न होतं, सुईचे पैसे तिकडं गेले. "साहेबाला कसं सांगावं? ते म्हणले असते, एवढं महागाचं औषध अन् तुला किंमत नाही."

मी त्याला म्हणालो, उद्या परत चल, सांगू. तो हो म्हणाला. गाडी आली. नंतर तो दिसला नाही.

मी त्याचा विचार पुष्कळदा करतो. औषध लागू पडलं नाही आणि औषध पोहोचलंच नाही, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरला त्यांतला फरक फक्त आजारी माणूसच सांगू शकतो. तो खोटा नव्हता. त्याला लाज वाटली. आणि ती लाज त्याला कुणी दिली? आपण दिली. 'मनात आणलं तर काय अवघड आहे' म्हणणाऱ्यांनी, टाळ्या वाजवून झुंजीच्या कथा ऐकणाऱ्यांनी, आणि खिडकीतून औषध देताना "मागच्या वेळी का आला नाहीस" असं खेकसणाऱ्या माझ्यासारख्यांनी. मी तीस वर्षं क्षयाच्या लोकांवर असाच खेकसलो आहे. तारखेला न आलेला माणूस चौथ्या दिवशी यायचा आणि म्हणायचा, गोळ्या शिल्लक होत्या साहेब. मी समजायचो की हा आळशी. त्याच्या गोळ्या शिल्लक का राहिल्या होत्या हे मी एकदाही विचारलं नाही.

माझे चोवीस आठवडे जून २००९ मध्ये संपले. विषाणू रक्तात दिसत नव्हता. पेढे वाटले. तो जून आठवतो का? देशभरात निम्म्याच्या आसपास पाऊस कमी झाला, पेरलेलं उगवून करपलं. डिसेंबरात माझी पुन्हा तपासणी झाली, आणि विषाणू परत आला होता. या प्रकाराच्या दहातल्या सात-आठ जणांना ते औषध बरं करायचं. मी उरलेल्या दोन-तिघांत. वहीत लिहिलं, ६ महिने, पॉझिटिव्ह. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, 'आज दोघंही जेवलो.'

लोकांनी खूप उपाय सांगितले. भुईआवळा, उसाचा रस, हळद बंद, तेल बंद. कुणी आदिलाबादकडच्या वैद्याची पुडी आणली, तिच्यात काय आहे हे आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आधीच वण पडलेल्या लिव्हरला अनोळखी पुडी देणं म्हणजे बैल लंगडतोय म्हणून गाडीत आणखी दोन पोती टाकणं. मी सगळ्यांचा मान ठेवला आणि पुड्या कपाटात ठेवल्या. दारू मी घेत नव्हतोच. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आणि थांबायचं, एवढंच हातात होतं. सहा वर्षं थांबलो. या वाट पाहण्याबद्दल कुणी व्याख्यान ठेवत नाही, पण लांबलेल्या आजारपणातला सगळ्यांत मोठा भाग तोच असतो. या काळात वहीत वर्षाला दोन ओळी आहेत.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर नावाच्या गोळीला परवानगी मिळाली. रोज एक गोळी, सुई नाही. मायकल सोफिया या रसायनशास्त्रज्ञाचं नाव त्या गोळीत बसलेलं आहे. किंमत वाचून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. एका गोळीला १,००० डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,०००.  पण सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीनं भारतातल्या कारखान्यांना परवाने दिले, आणि २०१५ मध्ये हैदराबादला, आपल्या शेजारच्याच गावात, ती गोळी तयार होऊ लागली. अठ्ठावीस गोळ्यांची बाटली साधारण वीस हजारांना, पुढं आणखी स्वस्त. रुग्णांच्या संघटना, वकील, पेटंटवर हरकत घेणारे लोक यांनी यासाठी बरंच भांडण केलं आहे. माझ्या गोळीत त्यांचाही वाटा आहे.

जानेवारी २०१६ ला मी दुबार पेरणी केली. तोवर लिव्हर सिरॉसिसच्या उंबऱ्यावर आलं होतं, म्हणून सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, पुन्हा चोवीस आठवडे. यात ताप नाही, हुडहुडी नाही. आठवतं एवढंच की उन्हाळा भयंकर होता. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. गोळी गिळायला मी अर्धा पेला पाणी घ्यायचो आणि उरलेलं कुंडीत ओतायचो, तर मंडळी म्हणायच्या, "पिऊन टाका ना, वाया कशाला?" मे महिन्यात एक गोळी विसरलो. लग्नाला गेलो होतो, बाटली घरी. वहीत शून्य लिहिलं, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या एकच घ्या, दोन घेऊ नका. संपलं. सात वर्षांपूर्वी याच शून्यानं मला आठवडाभर झोप लागली नसती.

सप्टेंबरअखेर, औषध संपून बारा आठवडे झाल्यावर, तपासणी झाली. विषाणू आढळला नाही. त्या आठवड्यात मराठवाड्यात इतका पाऊस झाला की पैनगंगा दुथडी भरून चालली होती आणि सहस्रकुंड धबधब्याचा आवाज रात्री लांबून यायचा. मी मुद्दाम गेलो नाही बघायला. पाय घसरून मरायचं नव्हतं.

बरं झाल्यावरही एक ठेच बसली, तीही सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना बसते. तीन वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलो. आधी रक्ताची झटपट तपासणी झाली आणि तिथल्या माणसानं बाहेर येऊन, चार लोकांत, मोठ्यानं सांगितलं, "हे आजोबा सी पॉझिटिव्ह आहेत." त्या झटपट चाचणीत विषाणू दिसत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं दिसतात, आणि ती बरं झाल्यावरही जन्मभर राहू शकतात. पाणी ओसरलं तरी भिंतीवरची पुराची रेघ राहते, तसं. विषाणू आहे की नाही हे दुसऱ्या, आरएनएच्या चाचणीतून कळतं. मी हे सगळं जाणतो. तरी त्या बाकावर माझे गुडघे थरथरले. आता २०१६ चा तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीच्या पासाबरोबर ठेवतो. बरं झालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, पेढे नंतर, आधी झेरॉक्स काढा.

२८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. ठरावीक सरकारी रुग्णालयांत सीची तपासणी आणि औषध फुकट. बहुतेकांना आता बारा आठवड्यांतच भागतं. इजिप्तनं गावोगाव कोट्यवधी लोक तपासून हा आजार हटवत आणला आहे. तिथं तो पसरलाच मुळी एका जुन्या जंतरोगाच्या सरकारी सुयांतून. आपल्याला अजून बरंच चालायचं आहे. गोळ्या फुकट आहेत, पण जायला-यायला एक दिवस, एक मजुरी आणि तिकीट लागतं. अठ्ठावीस गोळ्या संपल्या की पुढची बाटली आणायची तारीख कापूस वेचणीच्या हंगामात आली की अडचण होते. आणि आपल्या मराठवाड्याची आणखी एक खोड, सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी. या औषधांतलं वेलपाटासविर पोटातलं आम्ल कमी झालं की नीट शोषलं जात नाही. डॉक्टर विचारतात, "दुसरं काही घेता का?" आपण म्हणतो, "नाही." ॲसिडिटीची गोळी आपण औषधात धरतच नाही. क्षयाचं किंवा फिटचं औषध चालू असेल तर तेही सांगितलंच पाहिजे, त्यातली काही या गोळीचा जोर मारतात.

निवृत्त झाल्यापासून मी आसपासच्या सात-आठ जणांच्या तारखा सांभाळतो. दुसरं काही करत नाही. तारखेच्या दोन दिवस आधी फोन करतो, न आलेल्याला 'का आला नाहीस' विचारत नाही, 'किती शिल्लक आहेत' विचारतो. सवय मोडायला वेळ लागला. अजूनही कधी जीभ वळते.

त्यांतली एक बाई आहे, डोंगराकडच्या तांड्यापलीकडची. तिला पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपणात रक्त दिलं होतं. लिहिता-वाचता येत नाही. मी तिला वही दिली, तर ती म्हणाली, "दादा, वही कायले? घरी कालनिर्णय हाय." बारा आठवडे संपले तेव्हा ती ते कालनिर्णय गुंडाळी करून माझ्याकडं घेऊन आली. रोजच्या तारखेवर कुंकवाचं बोट. तीन महिन्यांची पानं लाल ठिपक्यांनी भरलेली. डिसेंबरात दोन चौकोन मात्र काळे.

"हे काय?"

"कोळसा हाय. आदिलाबादकडं कापसाले गेलो होतो, बाटली इथंच राहली. दोन दिस नाही घेतली."

"मग रिकामं सोडायचं."

"रिकामं सोडलं तर तुमाले वाटन, टिपका लावाचा इसरली."

मी ते पान डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागदावर दोन दिवसांची नोंद केली आणि पुढची तपासणी पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला ठेवली. त्या दिवशी तिला नांदेडची गाडी मिळावी म्हणून मला सकाळी लवकर उठून फोन लावायचा आहे. तिच्याकडं मोबाइल नाही, शेजारच्या पोराचा नंबर आहे, आणि ते पोरगं उशिरापर्यंत झोपतं.